डेस्कटॉपची जागा घेणारा लॅपटॉप : खरेदीपूर्वीचा विचार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. २०१५ पासून घराघरांत व कार्यालयांत रुळलेल्या या प्रणालीच्या जागी ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी, एरवी व्यवस्थित चालणारे असंख्य डेस्कटॉप संगणक एकाएकी निवृत्तीच्या वयाचे ठरले. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, कराची विवरणपत्रे भरली जातात, ते यंत्र सुरक्षाविषयक दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर दीर्घकाळ चालविणे हिताचे नाही. जुना डेस्कटॉप बदलणे भागच आहे, तर मग त्या जागी एखादा उच्च श्रेणीचा लॅपटॉपच का घेऊ नये, हा विचार अशा वेळी स्वाभाविकपणे मनात येतो.

विचार योग्य आहे. परंतु तो अमलात आणताना जुन्या सवयी उपयोगी पडत नाहीत. डेस्कटॉप हा मुळात जुळणीचा संगणक होय. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारपेठांतून सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेण्याची रीत भारतीय ग्राहकाच्या चांगली अंगवळणी पडली आहे. आज मेमरी कमी घ्यावी, दोन वर्षांनी वाढवावी. एसएमपीएस जळाला तर तेवढाच बदलावा. मोठा मॉनिटर सवडीने घ्यावा. या रीतीत खरेदीच्या दिवशी झालेली चूक पुढे थोडक्या खर्चात सुधारता येते. लॅपटॉप तशी सवलत फारशी देत नाही. तो एकसंध वस्तू म्हणून विकत घेतला जातो आणि बव्हंशी एकसंध वस्तू म्हणूनच जुना होतो. म्हणून त्याची निवड करताना ‘सर्वांत वेगवान कोणता’ यापेक्षा ‘पुढे काय बदलता येणार नाही’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

कल्पनेचा प्रवास

डेस्कटॉपला पर्याय ठरेल असा लॅपटॉप ही कल्पना नवी नाही. या शतकाच्या आरंभी ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक यंत्रांत डेस्कटॉपसाठीच बनविलेला पेंटियम ४ प्रोसेसर बसविलेला असे. ही यंत्रे जाडजूड व वजनदार असत, लवकर तापत आणि बॅटरीवर फार काळ टिकत नसत. ती हलविता येत असत, एवढेच. मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ या नावाखाली खास लॅपटॉपसाठी आखलेला पेंटियम एम प्रोसेसर आणला आणि कमी विजेत अधिक काम ही दिशा निश्चित झाली. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरातील लॅपटॉपची विक्री प्रथमच डेस्कटॉपच्या पुढे गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या ‘एम१’ प्रोसेसरवर चालणारे संगणक आणले, तेव्हा पातळ आणि शांत यंत्रही जड कामे पेलू शकते हे स्पष्ट झाले.

या प्रवासाने अंतर पुष्कळ कमी केले, तरी ते मिटविले नाही. डेस्कटॉपच्या पेटीत मोठा पंखा, मोकळी हवा आणि मुबलक वीज असते. लॅपटॉपच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत या तिन्ही गोष्टींची वानवा असते. उच्च श्रेणीच्या लॅपटॉपची किंमत प्रामुख्याने ही वानवा भरून काढण्यासाठीच मोजावी लागते. हे ध्यानात घेतले, म्हणजे किमतीच्या पट्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आधी कामाची यादी

खरेदीपूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : हे यंत्र वर्षातून किती दिवस मेजावरून हलणार आहे? लेखापरीक्षणासाठी अशिलांच्या कार्यालयांत जाणारा सनदी लेखापाल, बांधकामाच्या जागेवर नकाशे दाखविणारा वास्तुविशारद, दोन शहरांत राहून काम करणारा सल्लागार, वसतिगृहात जाणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांच्यासाठी उत्तर उघड आहे. त्यांना एकच सामर्थ्यवान यंत्र सर्वत्र बरोबर नेता येणे ही खरी सोय आहे. दोन संगणकांवरील धारिकांचा मेळ घालण्याचा व्यापही त्यामुळे टळतो.

याउलट, यंत्र वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर जाणार असेल, तर त्याच रकमेत एक नवा डेस्कटॉप आणि एक साधा लॅपटॉप बहुधा बसू शकतो. डेस्कटॉप अधिक काळ टिकतो, स्वस्तात दुरुस्त होतो आणि त्याचा जुना मॉनिटर, कळफलक व माऊस पुन्हा वापरता येतो. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला इथेही लागू पडतो, मात्र इथे अंथरूण केवळ पैशांचे नसून गरजेचेही असते.

मध्यममार्गही आहे. चौदा इंची, दीड किलोच्या आसपासचा समर्थ लॅपटॉप घ्यावा आणि घरी तो जुन्या मॉनिटरला व कळफलकाला जोडावा. मेज जसेच्या तसे राहते, फक्त त्याखालची पेटी जाते. दिवसाचे सहा-आठ तास बसून काम करणाऱ्याला ही व्यवस्था शरीराच्या दृष्टीनेही लाभदायक आहे. लॅपटॉपचा पडदा व कळफलक एकमेकांना जखडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवले तर मान वाकते आणि पडदा उंच केला तर हात अवघडतात. स्वतंत्र मॉनिटर हा त्यावरचा सोपा उपाय होय.

बदलता येणारे आणि न येणारे

लॅपटॉपच्या भागांची तीन गटांत विभागणी केल्यास निर्णय सोपा होतो.

पहिला गट कधीही न बदलणाऱ्या भागांचा. प्रोसेसर, ग्राफिक्सची चिप, उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था आणि कळफलकाची मांडणी ही खरेदीच्या दिवशी जशी असेल तशीच अखेरपर्यंत राहते. पडदाही व्यवहारतः याच गटात मोडतो. फुटल्यास तो बदलून मिळतो, पण निकृष्ट पडद्याच्या जागी उत्कृष्ट पडदा बसविणे सहसा शक्य किंवा परवडणारे नसते.

दुसरा गट संदिग्ध भागांचा असून त्यात मेमरी येते. काही लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसविलेल्या पट्टीच्या रूपाने असते व पुढे वाढविता येते. अनेक पातळ यंत्रांत मात्र ती मुख्य पटलावरच कायमची जडविलेली असते. अ‍ॅपलच्या मॅकबुकमध्ये मेमरी आणि साठवण या दोन्ही गोष्टी खरेदीनंतर वाढविता येत नाहीत. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ असा उल्लेख असल्यास मेमरी बहुधा जडविलेली आहे असे समजावे. ‘एसओ-डीआयएमएम’ असा उल्लेख असल्यास ती खाचेत आहे. हा फरक लहान वाटला, तरी पाच वर्षांनंतर यंत्र उपयोगी राहील की अडगळ होईल, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

तिसरा गट सहज बदलता येणाऱ्या भागांचा. बहुतेक विंडोज लॅपटॉपमधील ‘एम.२’ प्रकारची एसएसडी, बॅटरी, चार्जर आणि बाहेरून जोडण्याची सर्व साधने त्यात येतात.

यातून निघणारा नियम असा : पैसा प्रथम पहिल्या गटावर खर्च करावा, दुसऱ्या गटात हात आखडता घेऊ नये आणि तिसऱ्या गटात काटकसर करावी. मेमरी जडविलेली असेल, तर कार्यालयीन कामासाठीही १६ जीबीच्या खाली जाऊ नये; चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकी आराखडे किंवा एकाच यंत्रात दोन प्रणाली चालविण्याचे काम असेल, तर ३२ जीबीचा विचार करावा. साठवण मात्र प्रारंभी १ टीबीपेक्षा कमी घेऊनही चालते, अर्थात ती पुढे वाढविता येणार असेल तरच. दुकानात पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. मोठ्या आकड्याची एसएसडी दाखवून ग्राहकाला संतुष्ट केले जाते आणि ८ जीबीची जडविलेली मेमरी कोपऱ्यात बारीक अक्षरात राहते.

एसएसडीच्या वेगाविषयीही मर्यादित आकर्षण ठेवावे. जुन्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला सुमारे १५० एमबी, साध्या ‘साटा’ एसएसडीचा सुमारे ५५० एमबी, तर ‘पीसीआयई’ च्या चौथ्या पिढीच्या एसएसडीचा ७,००० एमबीपर्यंत असतो. पहिल्या पायरीवरून दुसरीवर येताना संगणक नवा झाल्यासारखा वाटतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना नेहमीच्या कामात तेवढा फरक जाणवत नाही.

नाव एक, सामर्थ्य वेगळे

लॅपटॉपच्या जाहिरातीतील सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे नावे. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ५०९०’ या २०२५ मधील ग्राफिक्स चिपचे उदाहरण पाहावे. डेस्कटॉपसाठीच्या कार्डात २१,७६० गणनकेंद्रे आणि ३२ जीबी मेमरी असून ते ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये १०,४९६ गणनकेंद्रे आणि २४ जीबी मेमरी असून तिची विजेची मर्यादा ९५ ते १५० वॅट इतकी आहे. नाव सारखे असले, तरी गणनकेंद्रे निम्म्याहूनही कमी आहेत. शिवाय ९५ ते १५० या पट्ट्यातील नेमका आकडा लॅपटॉपचा उत्पादक ठरवितो. त्यामुळे तीच चिप असलेले दोन लॅपटॉपही सारखे चालत नाहीत. माहितीपत्रकात चिपच्या नावासोबत तिला दिलेली वीज किती वॅट आहे हे पाहणे यासाठीच आवश्यक ठरते.

प्रोसेसरबाबतही हेच खरे आहे. इंटेलच्या कित्येक पिढ्यांत नावाच्या शेवटी येणारे अक्षर महत्त्वाचे असते. ‘यू’ म्हणजे सुमारे १५ वॅटचा काटकसरी, ‘एच’ म्हणजे सुमारे ४५ वॅटचा, तर ‘एचएक्स’ म्हणजे सुमारे ५५ वॅटचा व डेस्कटॉपच्या घडणीला सर्वांत जवळचा प्रोसेसर. केवळ ‘आय ७’ किंवा ‘अल्ट्रा ७’ एवढ्या नावावर विसंबून राहिल्यास यू आणि एचएक्स यांतील मोठी दरी नजरेआड होते.

हे आकडेही क्षमतेची केवळ कमाल मर्यादा सांगतात. ती किती काळ टिकते हे उष्णतेवर अवलंबून असते. यंत्र तापू लागले की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग उतरवितो. पहिल्या दोन मिनिटांत चपळ भासणारा अतिपातळ लॅपटॉप अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर मंदावतो तो यामुळेच. भारतात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. अनेक उत्पादक आपल्या यंत्रांसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान योग्य मानतात. नागपूर, अहमदाबाद किंवा दिल्ली येथे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत जड काम करावयाचे असेल, तर थोडा जाड व अधिक वजनाचा, पण हवा खेळती ठेवणारा लॅपटॉपच पसंत करावा. शक्य असल्यास आपल्या नित्याच्या कामातील एखादी मोठी धारिका सोबत नेऊन दुकानातील यंत्रावर अर्धा तास चालवून पाहावी. तळ किती तापतो, पंख्याचा आवाज किती होतो आणि वेग टिकतो की नाही, हे तेवढ्या वेळात कळते.

२०२४ पासून बाजारात ‘एआय’ असा ठसा असलेले लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर आले आहेत. त्यांतील ‘एनपीयू’ हा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेची काही कामे यंत्रातच व कमी विजेत करतो. आपण वापरतो ती सॉफ्टवेअरे या भागाचा उपयोग करतात का, एवढे पाहून त्यासाठी अधिक किंमत मोजावी. केवळ ठशासाठी मोजू नये.

पडदा, कळफलक आणि जोडण्या

डेस्कटॉपवरून येणाऱ्याला सर्वांत आधी जाणवतो तो पडद्याचा संकोच. दीर्घ कामासाठी १६ इंची आणि १६:१० या प्रमाणातील पडदा सोयीचा ठरतो, कारण त्यात हिशेबाच्या तक्त्याच्या चार ओळी अधिक दिसतात. उजळ खोलीत काम असल्यास ४०० निट्स किंवा त्याहून अधिक प्रखरतेचा, प्रतिबिंब न पाडणारा पडदा पाहावा. छायाचित्रण वा मुद्रणाचे काम असणाऱ्याने ‘एसआरजीबी १०० टक्के’ हा उल्लेख शोधावा. ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असलेला पडदा फिका असतो. महागड्या प्रोसेसरच्या शेजारीही तो कधीकधी आढळतो.

हिशेबाचे काम करणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे उजवीकडील अंकांचा स्वतंत्र कळपट. बँकेत, दुकानात किंवा लेखापालाच्या कार्यालयात दिवसभर आकडे भरणाऱ्याचा हात त्याला सरावलेला असतो. पंधरा-सोळा इंची अनेक लॅपटॉपमध्ये तो असतो. मात्र सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये तो नाही आणि इतरही काही किमती लॅपटॉप त्याला फाटा देतात. तो बाहेरून यूएसबीने जोडता येतो, पण ही गोष्ट खरेदीपूर्वी ठाऊक असावी. मराठीसाठी वेगळा कळफलक घेण्याचे कारण नाही. इनस्क्रिप्ट आराखडा विंडोज व मॅक या दोन्ही प्रणालींत उपलब्ध असून तो कोणत्याही कळफलकावर चालतो.

जोडण्यांचा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. जीएसटी, कंपनी कामकाज आणि ई-निविदा यांसाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि ते बहुधा जुन्या चौकोनी, म्हणजे टाइप-ए जोडणीचे असते. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये कधीकधी केवळ टाइप-सी जोडण्याच असतात. जुना मॉनिटर, प्रिंटर आणि कार्यालयातील तारेचे नेटवर्क यांनाही आपापल्या जोडण्या लागतात. टाइप-सी जोडणीला बसणारा एखादा चांगला डॉक घेतल्यास हे सारे एका तारेवर आणता येते. त्याची किंमत मूळ अंदाजपत्रकातच धरावी.

सॉफ्टवेअरची सुसंगती तर त्याहूनही निर्णायक ठरते. टॅलीप्राइम विंडोजवर चालते. मॅकवर ते वापरण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. २०२४ पासून आलेल्या, ‘स्नॅपड्रॅगन’ प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी दीर्घकाळ टिकते. परंतु त्यांची घडण वेगळी असल्याने जुने प्रिंटर, स्कॅनर किंवा स्वाक्षरीचे टोकन यांची पूरक सॉफ्टवेअरे त्यांवर चालतीलच असे नाही. व्यवसायाचे काम ज्या यंत्रावर अवलंबून आहे, त्याबाबत हे आधीच तपासून घेणे इष्ट.

बॅटरी आणि वीज

डेस्कटॉपसोबत यूपीएस घेण्याचा खर्च लॅपटॉपमुळे वाचतो. वीज गेली तरी अर्धवट नोंद नष्ट होत नाही. मात्र बाहेरचा मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर यांना यूपीएस लागतोच. विमानात नेण्याच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सामान्यतः १०० वॅट-तासांच्या आतच ठेवली जाते. यावरून एक साधे गणित मांडता येते. जड काम करताना यंत्र १०० वॅट वीज घेत असेल, तर मोठ्यात मोठी बॅटरीही जेमतेम तासभर पुरणार. ‘अठरा तास’ हा जाहिरातीतील आकडा हलक्या कामाचा असतो.

जो लॅपटॉप सदैव मेजावर विजेला जोडलेला राहणार, त्याची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि उष्ण राहून लवकर झिजते. बहुतेक उत्पादकांनी ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय दिलेली आहे. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. बॅटरी फुगून तळ वा कळफलक उचलला गेल्यास यंत्र ताबडतोब बंद करून सेवाकेंद्राकडे सोपवावे.

किंमत, कर आणि हप्ते

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. उदाहरणादाखल, सर्व करांसह १,८०,००० रुपयांच्या यंत्रात मूळ किंमत सुमारे १,५२,५४२ रुपये आणि कर २७,४५८ रुपये असतो. खरेदी व्यवसायासाठी असेल, खरेदीदार जीएसटीखाली नोंदणीकृत असेल आणि बीजकावर त्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर नियमांच्या अधीन राहून या कराची वजावट मिळू शकते. क्रमांक न घालता बीजक घेणे म्हणजे ही रक्कम हातची घालविणे होय. आयकराच्या हिशेबात आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून संगणकावरील घसाऱ्याचा दर ६० वरून ४० टक्के करण्यात आला. मात्र जीएसटीची वजावट घेतलेल्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. नेमक्या परिस्थितीत काय लागू होते, हे कर सल्लागाराकडून जाणून घ्यावे.

हप्त्यांवर खरेदी करताना ‘नो कॉस्ट’ या शब्दांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात घेतली होती. प्रत्यक्षात व्याज आकारले जाते आणि तेवढी सूट किमतीत आधी दिली जाते. वरील यंत्र क्रेडिट कार्डावर दरमहा १५,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत घेतले आणि व्याजाचा दर वार्षिक १५ टक्के धरला, तर एकूण व्याज सुमारे १३,८०० रुपये होते. व्याजाइतकी सूट मिळाली तरी क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे सुमारे २,४८० रुपये, आणि प्रक्रिया शुल्क असल्यास तेही ग्राहकाच्या पदरी पडते. सामान्य कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. म्हणून मासिक हप्ता न पाहता, रोख खरेदीवरील सूट, कर्ज आणि कार्ड या तिन्ही मार्गांनी खिशातून जाणारी एकूण रक्कम मांडून मगच निर्णय घ्यावा.

हमीकडे खर्च म्हणून न पाहता किमतीचा भाग म्हणून पाहावे. डेस्कटॉपचा बिघाड म्हणजे एका भागाचा बिघाड. लॅपटॉपचे मुख्य पटल बिघडल्यास त्याची किंमत कधीकधी यंत्राच्या मोठ्या हिश्श्याइतकी होते. हमी किती वर्षांची, तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र केंद्रात न्यावे लागणार, आपल्या गावापासून केंद्र किती दूर आणि पडून वा पाणी सांडून झालेली हानी तीत येते का, हे चार प्रश्न विचारावेत. निमशहरी भागातील ग्राहकासाठी घरी येणारी तीन वर्षांची सेवा ही अधिक वेगवान प्रोसेसरपेक्षा मोलाची ठरू शकते. घराच्या विम्यात लॅपटॉपची चोरी, विशेषतः घराबाहेर झालेली चोरी, आपोआप समाविष्ट असते असे नाही. तशी तरतूद वेगळी मागून घ्यावी लागते.

माहितीचे स्थलांतर आणि सुरक्षितता

मेजाखालची पेटी सहसा हरवत नाही. लॅपटॉप रिक्षात, रेल्वेत किंवा हॉटेलात राहू शकतो. डेस्कटॉपची जागा लॅपटॉपला देताना सर्वांत मोठा बदल हाच असतो. यंत्राची किंमत भरून काढता येते, दहा वर्षांचे हिशेब आणि मुलांची छायाचित्रे भरून काढता येत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. ही बाहेरची प्रत इंटरनेटवरील साठवणीत असो, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असो की लॉकरमधील बाह्य डिस्कवर असो. ती ठराविक काळाने अद्ययावत होणे महत्त्वाचे.

लॅपटॉपमधील माहिती कूटबद्ध असावी, म्हणजे यंत्र चोराच्या हाती गेले तरी माहिती जात नाही. विंडोजमधील ‘बिटलॉकर’ आणि मॅकमधील ‘फाइलव्हॉल्ट’ या सोयी त्यासाठीच आहेत. मात्र या कुलपाची किल्ली जपावी लागते. बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली ४८ अंकी असते. दुरुस्तीत मुख्य पटल बदलले गेल्यास यंत्र ती मागते आणि ती नसेल, तर मालकालाही स्वतःची माहिती उघडता येत नाही. ही किल्ली छापून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. पासवर्ड व पिन मात्र त्याच लॅपटॉपच्या पिशवीत किंवा यंत्रातील साध्या धारिकेत ठेवू नयेत. यंत्र हरवल्यास पोलिसांत नोंद करावी, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून सर्व पासवर्ड बदलावेत आणि बँकेस विनाविलंब कळवावे. खात्यातून फसवणुकीने रक्कम गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा.

जुना डेस्कटॉप निरोप देण्याच्या घाईत विसरू नये. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून रीतसर परत केल्यावर नव्या यंत्रावर सुरू करावा. टपाल, ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड, मराठी मजकुराचे जुने फाँट आणि स्कॅन केलेली कागदपत्रे उतरवून घ्यावीत. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला मजकूर नव्या यंत्रावर तो फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हे अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते. दोन्ही यंत्रे निदान महिनाभर शेजारी चालू ठेवून, काहीही राहिले नाही याची खात्री झाल्यावरच जुन्याला रजा द्यावी.

जुनी डिस्क केवळ फॉरमॅट केल्याने माहिती खऱ्या अर्थाने पुसली जातेच असे नाही. ती काढून बाह्य आवरणात बसविल्यास आणखी काही काळ साठवणीस उपयोगी पडते. यंत्र विकायचे वा द्यायचे असल्यास पूर्णपणे पुसून टाकण्याची सोय वापरावी. निकामी यंत्र भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ चा उद्देशही हाच आहे.

नवे यंत्र घरी आल्यावर पहिला आठवडा परीक्षेचा मानावा. विक्रेत्याच्या बदलीच्या मुदतीतच पडद्यावरील मृत बिंदू, प्रत्येक कळ, प्रत्येक जोडणी, स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटर आणि बॅटरी तपासून पाहावी. यंत्रावरील अनुक्रमांक बीजकावरील क्रमांकाशी ताडून घ्यावा व हमीची नोंदणी उत्पादकाच्या संकेतस्थळावर करावी. बीजक, हमीपत्र आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र यांची एक प्रत लॅपटॉपव्यतिरिक्त अन्यत्र ठेवावी. यंत्र नाहीसे झाले, तर पोलिसांना, विमा कंपनीला आणि उत्पादकाला प्रथम तीच दाखवावी लागते.